गप्प बसलेल्यांस हजर समजावे

लोकशाहीत मत देणारा एक असतो, मोजणारा दुसरा असतो, आणि या दोघांची आयुष्यात कधी गाठ पडत नाही, यावर लोकशाही टिकून असते. लग्नात आचारी आणि वऱ्हाडी यांनी एकमेकांना भेटू नये, तसेच हे. भेटले की बोलणे निघते, बोलणे निघाले की कोणीतरी पातेल्यात डोकावतो, आणि एकदा पातेल्यात डोकावले की वरण गोड लागत नाही.

यंदाच्या देशव्यापी निवडणुकीत कोणीतरी पातेल्यात डोकावले. तेव्हा असे आढळले, की देशात एकसष्ट कोटी मते पडली होती आणि शहाण्णव कोटी निघाली होती. (विहिरीत बादली सोडावी आणि बादलीबरोबर आणखी अर्धी विहीर वर यावी, असा हा प्रकार. मराठवाड्यात पाण्याच्या बाबतीत असे कधी घडल्याची नोंद नाही.)

हरलेल्यांनी आक्षेप घेतला. हरलेल्यांचे ते कामच असते. जिंकलेल्या माननीयांनी मात्र मन मोठे केले. वादाचा निकाल लागेपर्यंत आपण सत्तेला हातही लावणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. तोवर त्यांनी फक्त लष्कर, पोलीस, तिजोरी, टीव्ही आणि इंटरनेट एवढीच जबाबदारी घेतली, आणि तीही तात्पुरती. या व्यवस्थेला 'तात्पुरते राष्ट्रीय स्थैर्य मंडळ' असे नाव देण्यात आले. सदस्यांचे निवडून येणेच वादात असल्याने सभागृह भरवण्यात आले नाही. यंदा ऊन कडक असल्यामुळे न्यायालयांची उन्हाळी सुटी हवामान निवळेपर्यंत वाढवण्यात आली. वर्तमानपत्रांना वादग्रस्त नसलेल्या बातम्या छापण्याची पूर्ण मोकळीक मिळाली, आणि वाचकांना पंचांग, सोयाबीनचा भाव व लातूरचे कमाल तापमान इतके सविस्तर वाचायला मिळू लागले, की पूर्वी आपण किती अडाणी होतो हे त्यांचे त्यांना कळले. (पुढे सोयाबीनचा भावही वादग्रस्त निघाला.)

राहता राहिला पस्तीस कोटी मतांचा प्रश्न. त्यावर मंडळाने एक तत्त्व सांगितले. मत हे पवित्र असते. एकदा निघालेले मत पुन्हा आत कोंबता येत नाही. सबब मते कमी न करता मतदार वाढवावेत.

झाले. देशातल्या प्रत्येक मतदान केंद्राध्यक्षाला पत्र गेले: आपल्या केंद्रावर अमुक इतकी मते जादा निघाली आहेत, तरी ती टाकणारी माणसे एकवीस दिवसांत शोधून त्यांची यादी सादर करावी. आपल्याकडे कोणतेही सरकारी काम एकवीस दिवसांत होत नाही म्हणणाऱ्यांच्या तोंडावर चपराक बसावी अशा वेगाने याद्या आल्या. शंभरातल्या नव्याण्णव केंद्रांनी आपापले मतदार शोधून काढले. काहींना तर हरवले होते त्याहून जास्त सापडले, आणि ते शेजारच्या केंद्रांना उसने देण्यात आले.

लातूर जिल्ह्यात एकच केंद्र राहिले. जळकोट तालुका, मौजे वांजरपिंपळी, जिल्हा परिषद शाळा, खोली क्रमांक दोन. केंद्राध्यक्ष, शेजारच्या गावच्या शाळेतले श्री. रेणुकादास वसमतकर गुरुजी.

वसमतकर गुरुजी मूळचे नांदेडचे. घर नांदेडला, बायको सौदामिनी नांदेडला, आणि नोकरी मात्र बत्तीस वर्षे जळकोट तालुक्यात. शनिवारी दुपारच्या बसने घरी जायचे आणि सोमवारी पहाटेच्या बसने परत यायचे, असा त्यांचा संसार. निवृत्तीला चार महिने उरले होते. निरोप समारंभात कोणाला बोलवायचे, कोणाला बोलवायचे नाही आणि कोणाला बोलावणे चुकून राहून गेले असे दाखवायचे, अशा तीन याद्या सौदामिनीबाईंनी तयार ठेवल्या होत्या. गुरुजींना आयुष्यात आता एकच गोष्ट हवी होती. चार महिने कसलीही भानगड न होता जावेत आणि नांदेडच्या घरी गच्चीवर खुर्ची टाकून बसावे.

गुरुजी माणूस सज्जन. फक्त त्यांना हजेरीची व्याधी होती.

ही व्याधी जन्मजात नव्हती. पटपडताळणीच्या वर्षी ती जडली. त्या वर्षी शाळेच्या पटावर जेवढी पोरे तेवढी वर्गात आहेत का, हे बघायला अचानक पथक यायचे होते. (अचानक म्हणजे मंगळवारी साडेदहाला.) पटावर अठ्ठेचाळीस आणि वर्गात एकोणतीस. तेव्हा वरिष्ठांच्या सूचनेवरून शेजारच्या वांजरपिंपळीची एकोणीस पोरे टेम्पोत घालून आणण्यात आली आणि गुरुजींनी प्रत्येकाला दुसऱ्याच्या नावाने 'हजर' म्हणायला शिकवले. पथक खूश होऊन गेले. गुरुजींना मात्र त्यानंतर तीन दिवस जेवण गेले नाही. चौथ्या दिवशी त्यांनी शपथ घेतली, की इथून पुढे हजेरी म्हणजे हजेरी. गैरहजर पोरापुढे लाल शाईने 'गै' लिहायचे, आणि नुसते 'गै' लिहून थांबायचे नाही, कारणही लिहायचे. 'गै, शेळी व्याली.' 'गै, चप्पल नाही.' 'गै, आई म्हणते ताप, पोरगे झाडावर दिसले.' त्यांचे हजेरीपत्रक लोक मागून वाचायला नेत.

तर निवडणुकीच्या दिवशी असे झाले. दुपारी दोन ते चार ऊन मी म्हणत होते आणि केंद्रावर चिटपाखरू नव्हते. वर्गखोली, मागे फळा, समोर एक हजार एकशे चार नावांची यादी आणि खिशात लाल पेन. एखाद्या दारुड्याला दुकानात एकटे बसवून किल्ली त्याच्याच हातात द्यावी, तसा हा प्रसंग. गुरुजींचा हात आपोआप चालू लागला. न आलेल्या प्रत्येकाचे नाव घेऊन त्यांनी सरळ हजेरी घ्यायला सुरुवात केली. कारणे पुरवायला खोलीत माणसे होतीच. उमेदवारांचे प्रतिनिधी होते, कोतवाल होता, आणि शाळेत खिचडी करणाऱ्या नीलाबाई होत्या. नीलाबाईंना गावातल्या प्रत्येक चुलीवर काय शिजते हे माहीत होते, आणि काय शिजत नाही हे त्याहून जास्त माहीत होते. मतदान संपेपर्यंत सहाशे अकरा माणसांनी मते दिली आणि उरलेल्या चारशे त्र्याण्णवांची कारणांसकट हजेरी दोनशे पानी वहीत तयार झाली. सवयीप्रमाणे गुरुजींनी खाली सही केली, शिक्का मारला, आणि वही केंद्राच्या कागदपत्रांबरोबर लाखेच्या मोहोरेने बंद करून पाठवून दिली.

वांजरपिंपळीतून मते निघाली एक हजार एकशे चार. शंभर टक्के. म्हणजे ज्या चारशे त्र्याण्णव लोकांनी मत दिले असे सरकार म्हणत होते, ते त्या वेळी नेमके कुठे होते, हे सांगणारा देशातला एकमेव दस्तऐवज सरकारच्याच कपाटात, सरकारच्याच लाखेखाली पडून होता.

हे निस्तरायला लातूरहून तफावत निरसन अधिकारी आले. मन्मथ निटुरे साहेब. गोड माणूस. जीपमधून उतरल्यावर त्यांनी आधी शाळेतल्या चिंचेच्या झाडाची चौकशी केली, मग गुरुजींच्या गुडघ्याची, आणि मग वही टेबलावर ठेवली.

"गुरुजी, हे काय करून ठेवलं तुम्ही?"

"हजेरी, साहेब."

"निवडणुकीत?"

"यादी समोर आली की हात थांबत नाही."

साहेब वाचू लागले. मयत अडतीस. पुणे-चाकणला कंपनीत दोनशे एक. ऊसतोडीला एकशे सतरा. (कोणत्या कारखान्यावर, तेही.) हैदराबादला बांधकामावर बावीस. लग्न होऊन सासरी गेल्या, नाव मात्र इथेच राहिले, अशा चौसष्ट. रुसून माहेरी नऊ.

"'नवऱ्याने मोबाईल फोडला.' गुरुजी, हा राष्ट्रीय दस्तऐवज हाय का काय हाय?"

"कारण नीलाबाईंनी सांगितलं. खात्रीचं आहे."

"'घरीच आहे, येत नाही म्हणतो', एक्केचाळीस. आता ह्यांना तरी सोडायचं व्हतं! देवणीकडं एक केंद्र हाय, तिथं माणसापेक्षा बैलं जास्त. तरी शंभर टक्के झालं बघा. कुणाचं काय अडलं? अन् तुमची चार महिन्यांवर निवृत्ती. मला वाईट वाटायलंय तुमच्यासाठी."

सरकारी माणसाला आपल्यासाठी वाईट वाटू लागले की तळपायाला घाम सुटतो. गुरुजींच्या सुटला. सगळ्यांची बेरीज चारशे ब्याण्णव होत होती. साहेब शेवटच्या नावाशी थांबले. ईश्वरप्पा, पानटपरीवाला. हा ईश्वरप्पा म्हणजे पानाला चुना लावेपर्यंत दोन सरकारे पाडणारा आणि सुपारी कातरेपर्यंत तिसरे बसवणारा माणूस. त्याच्यापुढे गुरुजींनी लिहिले होते: 'दारापर्यंत आला. यंत्राकडे बघत उभा राहिला. काही बोलला नाही. गेला.' आणि कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता. 'गप्प.'

"हा हजर का गैरहजर?" साहेबांनी विचारले.

इथे गुरुजींमधला शिक्षक जागा झाला. एखाद्याने आपल्या विषयातला प्रश्न विचारला की माणसाला भीतीसुद्धा वाटेनाशी होते. ते म्हणाले, "त्याचं असं आहे साहेब. वर्गात पोरगं समोर बसलेलं असतं. आपण नाव पुकारतो. ते लाजून 'हजर' म्हणत नाही. म्हणून त्याला गैरहजर मांडता येत नाही. गप्प बसलेल्याला हजरच धरावं लागतं."

साहेबांनी तोंडाशी नेलेला चहाचा कप खाली ठेवला.

"परत बोला," ते म्हणाले.

शाळेच्या संडासाचे छप्पर उडाल्याची फाईल सहा वर्षांपासून लातुरात आहे. गुरुजींचे वाक्य मात्र जळकोटहून लातूर, लातूरहून मुंबई आणि मुंबईहून दिल्ली चार दिवसांत पोचले, आणि सहाव्या दिवशी परिपत्रक होऊन परत आले. ते असे:

'एक. नाव पुकारले असता जो गप्प बसेल त्यास हजर समजावे.
दोन. जो हजर, त्याने मत दिले असे समजावे.
तीन. मत कोणास दिले हे गुप्त असल्याने विचारू नये. ते माननीयांस दिले आहे.
चार. याविरुद्ध आक्षेप असल्यास मतदाराने स्वतः समक्ष येऊन नोंदवावा. तथापि समक्ष आलेला मतदार हजर असल्याचे उघडच दिसत असल्याने आक्षेप फेटाळण्यात यावा.
पाच. मयत व्यक्तींच्या गप्प बसण्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही.'

एखादी गोष्ट इतकी सोपी असते, की ती इतकी वर्षे कोणाला सुचली कशी नाही याचेच नवल वाटते. पुण्यात कंपनीत असलेल्यांची नावे वांजरपिंपळीच्या चावडीवर पुकारली, ते गप्प बसले. उसाच्या फडातले गप्प बसले. रुसलेल्या नऊजणी तर आधीपासूनच बोलत नव्हत्या. देशभर नावे पुकारली गेली आणि पस्तीस कोटींचा प्रश्न पस्तीस मिनिटांत मिटला. आणि मग मंडळाच्या असे लक्षात आले, की लोकांचे म्हणणे गप्प बसण्यातून इतके स्वच्छ ऐकू येत असेल, तर दर पाच वर्षांनी उन्हातान्हात त्यांना रांगेत उभे करणे हा निव्वळ निर्दयपणा आहे. सबब पुढील निवडणूक लोकांच्या सोयीसाठी रद्द करण्यात आली. 'तात्पुरते' हा शब्द मंडळाच्या नावातून वगळावा का, असे लोकांना विचारण्यात आले. लोक गप्प बसले. वगळला.

रात्री आठच्या बातम्यांनंतर सौदामिनीबाईंचा फोन आला.

"अहो, टीव्हीवर ते गप्प बसलेल्यांचं सांगत होते. तुमचंच वाटलं मला."

"माझंच आहे."

"नाव नाही घेतलं तुमचं."

"नाही घेतलं तेच बरं."

"बरं कसलं? शेजारच्या भागवतांना मी सांगून आले," सौदामिनीबाई म्हणाल्या. गुरुजींना लाज वाटली. पण खोटे कशाला बोला, थोडे बरेही वाटले. बत्तीस वर्षांत त्यांची एकही सूचना शाळांच्या केंद्रप्रमुखाच्या पुढे गेली नव्हती.

सगळ्या वांजरपिंपळीतून आक्षेप आला तो एकच. महामाया सूर्यतळे हिचा.

महामाया जळकोटला बसस्टँडसमोर झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्म भरायचे दुकान चालवते. मतदानाच्या दिवशी ती एका हरलेल्या उमेदवाराची प्रतिनिधी म्हणून खोलीत बसली होती. सहाशे अकरा मते पडली, असा गुरुजींच्या सहीचा कागद नियमाप्रमाणे तिला मिळाला होता. इतर प्रतिनिधींनी आपापल्या कागदात भजी खाल्ली. महामायाने दुकानात जाऊन त्याचे लॅमिनेशन केले. आमच्याकडे जातीचा दाखला, जमिनीचा सातबारा आणि दहावीची गुणपत्रिका यांचे लॅमिनेशन करण्याची पद्धत आहे. एकदा प्लॅस्टिक चढले की कागदाला पाणी लागत नाही, वाळवी लागत नाही, आणि मुख्य म्हणजे व्हाईटनर लागत नाही.

तिचा आक्षेप तिच्या आजोबांबद्दल होता. ज्ञानोबा सूर्यतळे गेल्या पोळ्याला वारले होते आणि परिपत्रकाप्रमाणे या उन्हाळ्यात मत देऊन गेले होते. पुरावा म्हणून तिने त्यांच्या मृत्यूनंतरच्या पुण्यानुमोदनाची छापील पत्रिका जोडली होती. ती पत्रिका घेऊन महामाया गुरुजींकडे आली. ती त्यांची जुनी विद्यार्थिनी. पण गुरुजींच्या ते लक्षात नव्हते, कारण ती त्यांच्या शाळेत फक्त एक दिवस होती.

"मंगळवार होता, गुरुजी," ती म्हणाली. "आम्हाला टेम्पोतनं आणलं व्हतं. तुम्ही मला सांगितलं, तुझं नाव आज सविता. सविता म्हणून पुकारलं की हजर म्हण. मी म्हणले."

गुरुजी खाली बघू लागले.

"खिचडी चांगली होती," ती म्हणाली. "मला त्याचा राग न्हाई. पण आता उलटं करायचंय. सोमवारी लातूरला सुनावणी हाय. सगळी नावं परत पुकारतील, आजोबाचंबी. तुम्ही फकस्त एक शब्द बोला. गैरहजर. तुमच्या वहीत लाल शाईनं लिवलेलं हाय, तेवढंच वाचून दाखवा."

"वही सरकारजमा आहे, बाळ."

"तोंड न्हाई ना सरकारजमा?"

गुरुजी म्हणाले, बघतो. मराठीत 'बघतो' या शब्दाला किती अर्थ आहेत हे महामायाला माहीत होते. (सतरा. पैकी सोळा नकारार्थी.) तरी ती बरं म्हणून गेली.

त्याच दिवशी निटुरे साहेबांचा फोन आला. "गुरुजी, काही सही करायची न्हाई. काही लिवायचं न्हाई. खोटं तर अजिबात बोलायचं न्हाई. तुमच्यासारख्या माणसाला खोटं बोलायला लावणार व्हय मी? तुम्ही फक्त येऊन बसायचं."

गुरुजींना केवढे हायसे वाटले! आयुष्यभर त्यांना वाटत आले होते, की वाईट काम करायला काहीतरी करावे लागते.

सुनावणी लातूरच्या एका मंगल कार्यालयात झाली. (लग्नाची तारीख नव्हती म्हणून मिळाले.) व्यासपीठावर नवरानवरीच्या लाल खुर्च्या होत्या, त्यात निटुरे साहेब आणि एक लघुलेखक बसले. वांजरपिंपळीची माणसे पिकअपमधून आली होती. ईश्वरप्पा आला होता, तो दाराशी उभा राहिला. महामायाबरोबर तिची आजी नागुबाई होती, पांढरे पातळ नेसून, कधी नव्हे ती चप्पल घालून. गुरुजींना पहिल्या रांगेत, जिथे वधूपक्षाचे मामा बसतात, तिथे बसवले होते.

साहेबांनी नावे पुकारायला सुरुवात केली. एक नाव, मग शांतता, मग लघुलेखकाच्या पेनाचा आवाज. दुसरे नाव, शांतता, पेन. इतकी शिस्तशीर हजेरी गुरुजींच्या वर्गातही कधी झाली नव्हती. दोनशे अठरावे नाव आले.

"ज्ञानोबा सखाराम सूर्यतळे."

"गैरहजर!" नागुबाई ओरडली.

"कोण बोललं?"

"मी त्याची बायकू."

"बाई, तुम्हाला पुकारलं न्हाई. ज्याचं नाव त्यानं बोलायचं."

"तो कसा बोलल? पोळ्याला गेला की तो."

"म्हणजे बोलत न्हाईत ते."

"न्हाई बोलत."

"लिवा," साहेब लघुलेखकाला म्हणाले. "गप्प."

नागुबाईने जरा विचार केला. मग ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ओ साहेब, एक इचारू का? मालक मत द्यायला आल्ते म्हणता. गावात आल्ते, शाळेपस्तोर आल्ते. शाळेच्या मागं माझं घर हाय. मत दिऊन तसेच गेले व्हय माघारी? घराकडं फिरकले न्हाईत? पाणी तरी पिऊन जावं का न्हाई माणसानं? का इतका राग व्हता माझ्यावर?"

मंगल कार्यालय हसले. लघुलेखकही हसला. निटुरे साहेबसुद्धा हसले, कारण ते गोड माणूस होते. फक्त नागुबाई हसली नाही, ती खरेच विचारत होती. इतिवृत्तात यापुढे कंसात अशी नोंद आहे: '(हशा. हशा हा गप्प बसण्यात मोडतो किंवा कसे, याबाबत परिपत्रकात स्पष्टता नसल्याने वरिष्ठांकडून मार्गदर्शन मागवले आहे.)'

मग महामाया उठली. लॅमिनेशन केलेला कागद तिने वर धरला. खिडकीतल्या उन्हात तो आरशासारखा चमकला आणि साहेबांना डोळ्यांवर हात घ्यावा लागला.

"साहेब, सहाशे अकरा. ही सही गुरुजींची हाय. गुरुजी इथं बसलेत. त्यांनाच इचारा, माझा आजोबा आल्ता का."

साहेब म्हणाले, "इचारू की. लोकशाही हाय." आणि खुर्चीतून पुढे वाकून, अगदी मऊ आवाजात त्यांनी पुकारले, "केंद्राध्यक्ष, रेणुकादास वसमतकर."

गुरुजींच्या घशात शब्द आला होता. पाच अक्षरांचा शब्द. बत्तीस वर्षांत हजारो वेळा लाल शाईने लिहिलेला. त्यांना ज्ञानोबा आठवला नाही, कारण त्यांनी त्याला कधी पाहिलेच नव्हते. त्यांना नांदेडची गच्ची आठवली. गच्चीवरची खुर्ची आठवली. सौदामिनीबाईंच्या तीन याद्या आठवल्या, आणि आपण आता बोललो तर पहिल्या यादीतली सगळी माणसे तिसऱ्या यादीसारखी वागतील हेही दिसले. मग त्यांना टेम्पोतून उतरलेली, दुसरीच्या नावाने 'हजर' म्हणणारी एक मुलगी आठवली. ती मागे उभी राहून आपल्या पाठीकडे बघते आहे, हे त्यांच्या पाठीला कळत होते.

"गुरुजी," महामाया म्हणाली. "बोला की."

पंखा फिरत होता. दाराशी ईश्वरप्पा उभा होता.

साहेबांनी एक मिनिट वाट बघितली. घड्याळ लावून, पूर्ण एक मिनिट. प्रशासन इतके सहृदय क्वचितच असते. मग ते लघुलेखकाकडे वळले.

"लिवा. केंद्राध्यक्ष हजर."

पुढचे सगळे रीतसर झाले. ऐंशी मिनिटांत चारशे त्र्याण्णव जण हजर झाले. महामायाला अधिक मार्गदर्शनासाठी दोन महिला शिपायांनी जीपमध्ये बसवून नेले. तिचा कागद जप्त करून नष्ट करण्याचा आदेश झाला, पण प्लॅस्टिक काही फाटेना. एका हवालदाराने हाताने प्रयत्न केला, दुसऱ्याने दाताने केला, शेवटी मंगल कार्यालयाच्या आचाऱ्याकडून विळी मागवावी लागली. नागुबाई पिकअपमध्ये बसायला तयार नव्हती. ती कार्यालयाच्या पायरीवर बसून राहिली, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत राहिली, की जीप कोणत्या गावाला गेली. सांगणारे कोणी नव्हते.

गुरुजींनी एकही सही केली नाही. एकही खोटा शब्द लिहिला नाही, बोलला तर नाहीच. शनिवारी जळकोटहून नांदेडच्या बसमध्ये खिडकीशी बसून त्यांनी हे स्वतःला मुखेडपर्यंत सांगितले. मुखेडच्या पुढे त्यांना झोप लागली.

चार महिन्यांनी ते सन्मानाने निवृत्त झाले. आता देशात रोज सकाळी दहाला राष्ट्रीय हजेरी होते. भोंग्यावरून नावे पुकारली जातात आणि सगळे गप्प बसतात. मुदखेडच्या स्टेशनवर त्या वेळी इंजिनसुद्धा शिट्टी देत नाही, असे म्हणतात. या पद्धतीचे जनक म्हणून निरोप समारंभात गुरुजींना शाल, श्रीफळ आणि पितळेचे एक लाल पेन देण्यात आले. भाषणे झाली. निटुरे साहेब बोलले, सौदामिनीबाई लाजल्या. आभार मानायच्या आधी मांडवाच्या मागच्या बाजूने नागुबाई पुढे आली. तिला कोणत्याच यादीत बोलावणे नव्हते. चप्पल नव्हती.

"गुरुजी," ती म्हणाली, "माझी नात कुठं हाय ते कुणी सांगंना. मी तेबी इचारत न्हाई. एवढंच सांगा, तिथं तिची हजेरी कोण घेतं?"

गुरुजींनी पेनाकडे बघितले. समारंभाला आलेल्या तीनशे माणसांनी ताटांकडे बघितले. ताटात वरण होते. कोणी डोकावले नाही.

हशाविषयी मागवलेले मार्गदर्शन परवाच प्राप्त झाले आहे. ते थोडक्यात असे: 'हसणे हा गप्प बसण्याचाच, परंतु आवाज करणारा, प्रकार होय. एखाद्या गोष्टीवर हसून झाल्यावर मनुष्य त्याबद्दल सहसा आणखी काही करीत नाही, असा या कार्यालयाचा अनुभव आहे. सबब हसणाऱ्यांसही हजर समजावे.'

आपण हे इथवर वाचलेत. शहाण्णव कोटींवर थोडे, परिपत्रकावर बरेच आणि नागुबाईने नवऱ्याबद्दल विचारले तिथे सर्वांत जास्त हसलात. महामायाला नेले तिथे दोन ओळी गप्प होतात, मग विळीपाशी पुन्हा हसू आले. आपले नाव सांगण्याची तसदी घेऊ नये, ते यादीत आहे. आपले मत मिळाले. आभारी आहोत.